‘सार्कॅझम’ म्हणजे काय? एका शब्दाची कुळकथा



आज आपण एकाच शब्दाविषयी बोलणार आहोत. शब्द इंग्रजी आहे, पण आता तो नुसता इंग्रजांचा राहिलेला नाही. कोरीटसारख्या गावातून नंदुरबारला कॉलेजात जाणारी मुलं तो सर्रास वापरतात. ‘तो फार सार्कॅस्टिक बोलतो,’ ‘अगं, सार्कॅझम होता तो.’ मोबाइलवरच्या निरोपांत तर हा शब्द रोजचा झाला आहे.

हा शब्द बहुतेक वेळा केव्हा उच्चारला जातो, ते जरा पाहा. आधी कोणीतरी कोणाला तरी लागेलसं बोलतं. समोरच्याचा चेहरा उतरतो. मग बोलणारा सावरून घेतो, ‘सार्कॅझम होता रे, मनावर नको घेऊ.’ म्हणजे शब्द येतो तो जखमेच्या नंतर, मलम म्हणून. आणि गंमत अशी की या शब्दाचा मूळ अर्थच मुळी जखम करणे असा आहे. मलमाच्या डबीवर नाव लिहिलंय चाकूचं!

तर आधी व्युत्पत्ती. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस. याच घराण्यातले आणखी दोन शब्द आपल्या कानांवरून गेलेले असतात. एक डॉक्टरांच्या तोंडचा ‘सार्कोमा’, कर्करोगाचा एक प्रकार. दुसरा ‘सार्कोफॅगस’, म्हणजे दगडी शवपेटी. त्याचा शब्दशः अर्थ मांसभक्षक, कारण एका विशिष्ट दगडाच्या पेटीत ठेवलेलं प्रेत लवकर संपून जातं, असा जुन्या लोकांचा समज होता. या ‘सार्क्स’पासून क्रियापद झालं ‘सार्काझेइन’. कुत्र्यासारखं दातांनी मांस ओढून काढणं, हा त्याचा अर्थ. आपल्याकडे यासाठी अगदी नेमका शब्द आहे : लचका तोडणे. पुढे त्याचा अर्थ रागाने ओठ चावणे, दात विचकणे असा झाला, आणि मग दात विचकून जे बोललं जातं ते, म्हणजे बोचरं बोलणं. त्याचं नाम ‘सार्कास्मोस’. ते लॅटिनमध्ये गेलं आणि तिथून इंग्रजीत आलं.

सांध्यांच्या विकारांवर ग्रीक वैद्यकाचा एक जुना ग्रंथ आहे. जनावर ओठांनी बुडाजवळचं आखूड गवत खुडतं, त्यालाही त्यात हेच क्रियापद वापरलं आहे. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ज्याने घोडं पारखून घेतलंय, त्याला घोड्याचा ओठ कसा हलतो ते ठाऊक असतं. ओठ वर सरकतो, खालचे दात दिसतात. आता एखाद्याला टोमणा मारताना माणसाचा ओठ आठवून पाहा. एका बाजूने तो असाच वर जातो. शब्द बनवणाऱ्यांची नजर बारीक होती.

पण आम्हाला आज सांगायचंय ते याच्या पुढचं आहे. ‘सार्काझेइन’ हे क्रियापद आरिस्तोफानेस या नाटककाराच्या ‘शांती’ नावाच्या विनोदी नाटकात येतं. हे नाटक अथेन्समध्ये इ.स.पू. ४२१ मध्ये झालं. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातलं युद्ध तेव्हा दहा वर्षं चाललेलं होतं. नाटकाचा नायक एक शेतकरी आहे, द्राक्षमळेवाला. शांतिदेवतेला कोणीतरी खोल विवरात गाडून टाकलंय आणि सगळ्या ग्रीसमधले लोक दोर लावून तिला वर ओढतायत, असा प्रसंग आहे. कोणी मनापासून ओढतं, कोणी नुसतंच ओढल्यासारखं करतं. त्यात मेगारा नावाच्या गावचे लोक आहेत. त्यांच्याविषयी म्हटलंय की हे बिचारे ओढतायत खरे, पण दात विचकलेल्या कुत्र्याच्या पिल्लांसारखे, कारण भुकेने मरायला टेकलेत. ‘दात विचकलेल्या’ या ठिकाणी मूळ शब्द आपला, ‘सार्काझेइन’चा.

इथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा. मेगाराचे लोक भुकेले का होते? अथेन्सने युद्धाच्या थोडं आधी ठराव करून मेगाराच्या लोकांना आपल्या साम्राज्यातली बंदरं आणि आपला बाजार बंद केला होता. पुढे युद्धात त्यांच्या शेतांवर पुन्हा पुन्हा फौजा गेल्या. म्हणजे त्यांची भूक अथेन्सच्या कृपेची होती. आणि नाटक पाहायला बसले होते कोण? अथेन्सचे नागरिक. ज्यांनी उपाशी ठेवलं ते प्रेक्षकांत, आणि जे उपाशी राहिले ते विनोदात. आरिस्तोफानेस युद्धाच्या विरुद्ध होता, शेतकऱ्यांच्या बाजूचा होता. याच नाटकात शेवटी देवतेला वर काढतात ते शेतकरीच. तरीही भुकेल्या माणसाचे दात बघून हसणं त्याला जड गेलं नाही.

आता दोन हजार वर्षं पुढे या. इंग्रजीत हा शब्द सापडतो त्या अगदी सुरुवातीच्या जागांपैकी एक १५७९ सालची आहे. एडमंड स्पेन्सर या कवीच्या ‘द शेफर्ड्स कॅलेंडर’ या काव्यावर कोणी ‘ई. के.’ अशी आद्याक्षरं घेऊन टिपा लिहिल्या. काव्यात टॉम पायपर म्हणजे गावजत्रेत पावा वाजवणारा येतो. टीपकार खुलासा करतो की हा इथे ‘सार्कास्मुस’ आहे. विद्येतून आलेल्या कौशल्यापेक्षा यमकं जुळवणाऱ्या सोम्यागोम्याला डोक्यावर घेणाऱ्या अडाणी लोकांची ही टर आहे.

म्हणजे एकीकडे उपाशी माणसं, दुसरीकडे खेडवळ माणसं. शब्दाच्या दोन जुन्या जागा, आणि दोन्हीकडे हसणारा वरच्या पायरीवर.

इथे आमचाच आम्हाला एक आक्षेप. व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही हे वर्षानुवर्षं सांगत आलो. ‘साहस’ शब्द घ्या. जुन्या धर्मशास्त्रात साहस म्हणजे बळजोरीचा गुन्हा. आज आपण साहसी मुलांना पदकं देतो. शब्द घर बदलतात, जुन्या घराचा पत्ता दाखवून त्यांना पकडता येत नाही. मग ‘सार्क्स’चा पत्ता घेऊन आपण कशाला फिरतोय? कारण या बाबतीत ती जुनी प्रतिमा मेलेली नाही. ग्रीक भाषेशी काडीचा संबंध नसलेल्या आपल्या मराठीतही ती जशीच्या तशी जिवंत आहे.

बघा ना. आपण काय म्हणतो? ‘त्याचं बोलणं जिव्हारी लागलं.’ ‘ती टोचून बोलते.’ ‘चिमटा काढला.’ ‘लागट बोलणं’, ‘मर्मावर घाव’, ‘घरं पाडणारं बोलणं’. एखादा माणूस उठून गेला की मागे बसलेले त्याचे ‘लचके तोडतात’. आणि ‘मर्म’ म्हणजे तरी काय? आयुर्वेदात शरीरातल्या नाजूक जागांना मर्म म्हणतात. सुश्रुताने ती १०७ सांगितली आहेत. मर्मभेदी बोलणारा या १०७ जागांच्या पलीकडची १०८वी शोधून काढतो! तेव्हा बोलण्याने मांस तुटतं, हा अनुभव ग्रीकांचा खासगी नाही.

आता मराठीतले शब्द थोडे सावकाश पाहू, कारण खरी संपत्ती इथे आहे. थट्टा, मस्करी, चेष्टा, कुचेष्टा, टिंगल, टवाळी, टर, खिल्ली, हेटाळणी, टोमणा, उपहास, उपरोध, विडंबन. हे सगळे एकाच अर्थाचे नाहीत. थट्टेत दोघंही हसू शकतात. टवाळीत हसणारे अनेक आणि सोसणारा एक असतो. हेटाळणीला तर हसूही लागत नाही. कोशात ‘सार्कॅझम’समोर बहुधा ‘उपरोध’ लिहिलेलं सापडतं. त्यातला धातू ‘रुध्’, अडवणे. बोलून समोरच्याची वाट अडवायची, त्याला उत्तरच सुचू द्यायचं नाही. हाही अर्थ वाईट नाही, पण त्यात मांस नाही.

‘शालजोडीतला’ हा आमचा आवडता शब्द. पायातला जोडा महागड्या शालजोडीत गुंडाळून मारायचा. मार बसतो, पण बघणाऱ्याला दिसते ती शाल. आयरनी आणि सार्कॅझम यांतला फरक विद्यार्थ्यांना समजावताना पुस्तकं दोन-दोन पानं खर्च करतात. आपण एवढंच सांगावं की आयरनी म्हणजे शाल आणि सार्कॅझम म्हणजे जोडा. शाल असताना जोडा असेलच असं नाही, आणि कित्येक जण शालीशिवायच मारतात. उशिरा आलेल्या मुलाला ‘या साहेब, तुमचीच वाट पाहत होतो’ असं म्हटलं, तर शब्द उलटे आहेत. ही आयरनी झाली. मित्राने म्हटलं तर मुलगा हसतो, उलट एक ठेवूनही देतो. पन्नास मुलांसमोर गुरुजींनी म्हटलं तर तो मान खाली घालून बाकावर जाऊन बसतो. वाक्य तेच आहे. फरक बोलणारा कुठे उभा आहे, यात आहे.

आता ‘व्यंग’. इथे भाषेने फार मोठी गोष्ट नकळत करून ठेवली आहे. संस्कृतात दोन वेगळे शब्द आहेत. ‘व्यंग’ म्हणजे ज्याच्या अंगात उणीव आहे असा, किंवा ती उणीव. ‘व्यंग्य’ म्हणजे सूचित अर्थ, जो उघड बोललेला नाही पण कळतो. एकात ‘अंग’ आहे, दुसऱ्यात ‘अञ्ज्’ धातू, म्हणजे प्रकट करणे. एक देहाचा शब्द, एक बुद्धीचा. हिंदीत ‘व्यंग्य’ हा स्वतंत्र साहित्यप्रकार आहे. आपण मात्र कार्टूनला म्हणतो ‘व्यंगचित्र’, ‘य’ न जोडता. आता त्या चित्रात व्यंग्य असतं की व्यंग? उत्तम व्यंगचित्रकार पुढाऱ्याचं नाक लांब काढतो, पण बोट ठेवतो ते त्याच्या निर्णयावर. सुमार व्यंगचित्रकार नाकापाशीच थांबतो. एका ‘य’चं अंतर आहे, पण पार करायला जन्म जातो.

भरताने हे लपवून ठेवलं नाही. नाट्यशास्त्रात हास्यरस कशाकशाने उत्पन्न होतो याची यादी आहे. विचित्र वेष, निर्लज्जपणा, असंबद्ध बडबड, आणि त्यातच व्यंगदर्शन, म्हणजे दुसऱ्याच्या शरीरातली उणीव दिसणं. माणसं याला हसतात, हे त्याने सरळ नोंदवलं. हसण्याचे सहा प्रकार त्याने सांगितले आहेत. स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीच्या लोकांचे, विहसित आणि उपहसित मध्यम, अपहसित आणि अतिहसित अधम. उपहसिताचं वर्णन तर नटाला करून दाखवता यावं असं आहे : नाकपुड्या फुगलेल्या, नजर तिरकी, मान आणि खांदे आखडलेले. इकडे घोड्याचा ओठ, तिकडे फुगलेली नाकपुडी. हसणाऱ्याच्या शरीरावरही खूण उमटतेच.

आणि संस्कृत नाटकातला विदूषक! तो ठेंगू, दात पुढे आलेला, कुबड असलेला, टकल्या असा असावा असं सांगितलंय. म्हणजे व्यंगदर्शनाची सगळी सोय एकाच माणसात. शिवाय तो ब्राह्मण असूनही संस्कृत बोलत नाही, प्राकृत बोलतो. हे लक्षात ठेवा, आपल्याला थोड्या वेळाने लागणार आहे.

याच ग्रंथाच्या शेवटी एक कथा आहे. भरताच्या मुलांना नाट्यविद्येचा गर्व झाला आणि त्यांनी एका प्रयोगात ऋषींचीच नक्कल करून टर उडवली. ऋषी चिडले. आमचं विडंबन करता काय, असं म्हणून त्यांनी शाप दिला की तुमचं ज्ञान नष्ट होईल आणि तुम्ही व तुमचे वंशज शूद्र व्हाल. या कथेकडे नीट पाहा. कुबड्या विदूषकाला हसलं तर कोणी शाप देत नाही, तो नियमच आहे. ऋषींना हसलं की सगळा वंश खालच्या पायरीवर.

इथला ‘विडंबन’ शब्द मराठीत आला आणि त्याचे दोन झाले. एक ‘विडंबन’ : कवितेच्या चालीवर कविता रचून केलेली गंमत. ‘केशवकुमार’ या नावाने आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये केलं ते. दुसरा ‘विटंबना’ : पुतळ्याची विटंबना, प्रेताची विटंबना, बाईमाणसाची विटंबना. पहिल्या शब्दावर साहित्य संमेलनात परिसंवाद होतो, दुसऱ्यावर गाव बंद होतं. मूळ मात्र एकच. आम्हाला हे मराठीचं मोठं शहाणपण वाटतं. नक्कल करून हसणं आणि माणसाची अब्रू धुळीला मिळवणं या दोन गोष्टी एकाच बीजातून येतात हे तिने ओळखलं, आणि त्या वेगळ्या आहेत हेही ओळखून एका अक्षराचं कुंपण घातलं.

ते कुंपण कुठे घालायचं, हा झाला तत्त्वज्ञानाचा प्रश्न. प्लेटोच्या ‘फिलेबस’ या संवादात सॉक्रेटिस हास्यास्पद म्हणजे काय याची चर्चा करतो. माणूस हास्यास्पद केव्हा होतो? त्याला स्वतःविषयीचं अज्ञान असतं तेव्हा. आहे त्यापेक्षा आपण श्रीमंत, सुंदर किंवा शहाणे आहोत असं त्याला वाटतं. पण सगळ्याच अशा माणसांना आपण हसतो का? नाही, असं सॉक्रेटिस म्हणतो. असा अज्ञानी माणूस बलवान असला, हसणाऱ्याचा सूड घेऊ शकणारा असला, तर तो भयंकर वाटतो. दुर्बळ असला, उलट वार करू शकत नसला, तरच तो हास्यास्पद ठरतो. प्लेटो इथे उपदेश करत नाही, निदान करतो आहे. आणि निदान असं की आपण हसायला माणूस निवडतो तो त्याच्या चुकीवरून कमी आणि त्याच्या हतबलतेवरून जास्त. हे लिहिणाऱ्याला हसण्याची किंमत ठाऊक होती. आरिस्तोफानेसने इ.स.पू. ४२३ मध्ये ‘मेघ’ या नाटकात सॉक्रेटिसला टोपलीत लटकवून लोकांना हसवलं होतं. चोवीस वर्षांनी सॉक्रेटिसवर खटला झाला. प्लेटोने लिहिलेल्या त्याच्या बचावाच्या भाषणात त्या नाटकाचा उल्लेख आहे. माझ्याविषयीचा जुना आकस तिथून आला, असं त्याचं म्हणणं.

अरिस्टॉटलने सभ्य विनोद करणाऱ्याची एक जागा आखून दिली. एका टोकाला वाटेल त्याला हसणारा मस्कऱ्या, दुसऱ्या टोकाला ज्याला विनोद समजतच नाही असा माणूस, आणि मधे सुसंस्कृत विनोदी माणूस. या दुसऱ्या टोकाच्या माणसाला त्याने शब्द वापरलाय ‘आग्रोइकोस’. अर्थ? शेतात राहणारा. खेडूत! एवढा मोठा तत्त्वज्ञ, पण कोरीटला आला असता तर एका संध्याकाळीत त्याला शब्द बदलावा लागला असता.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. २०११च्या जनगणनेप्रमाणे नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. घरी भिली, पावरी, मावची बोलली जाते, कुठे अहिराणी, कुठे गुजरी. मूल शाळेत जातं आणि पहिल्यांदा प्रमाण मराठी ऐकतं. गुरुजी विचारतात, हे गणित कोणाला येतं? अहिराणी घरातलं पोर उत्साहाने हात वर करतं, ‘माले येस!’ आणि वर्ग हसतो. आता या मुलाची चूक काय झाली? गणित त्याला येत होतं. ‘मला’च्या जागी ‘माले’ आणि ‘येतं’च्या जागी ‘येस’ हे त्याच्या भाषेचं व्याकरण आहे आणि त्याने ते बिनचूक वापरलं आहे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या पाहणीत तर खानदेशी ही मराठीच्या खंडात नाहीच. १९०७ साली निघालेल्या वेगळ्या भागात ती भिलीबरोबर ठेवली आहे. त्या वर्गीकरणाशी कोणाचे मतभेद असतील, असू देत. पण ‘बिघडलेली मराठी’ म्हणून तिला हसायचा आधार त्यात सापडत नाही.

प्लेटोची कसोटी इथे लावून पाहा. स्वतःविषयीचं अज्ञान मुलाकडे नाही. ते हसणाऱ्या वर्गाकडे आहे, कारण त्यांना आपल्या मराठीचीही वंशावळ ठाऊक नाही. मघाशी विदूषकाची भाषा लक्षात ठेवा म्हटलं होतं. राजा संस्कृत बोलायचा आणि हसवण्यासाठी ठेवलेला माणूस प्राकृत बोलायचा. आज आपण जिला प्रमाण म्हणतो ती मराठी त्या प्राकृताच्या घरातली. एके काळी आपण विदूषकाच्या बाजूला होतो, आता राजाच्या बाजूला जाऊन बसलोत.

जीभ हा मांसाचाच अवयव आहे. ‘सार्क्स’चा अर्थ इथे अलंकारिक राहत नाही. ज्याच्या बोलीला हसलं जातं ते मूल बोलायचंच थांबतं. दुसऱ्या वेळी उत्तर येत असूनही हात वर करत नाही. पाहुण्यांसमोर आईशी तिच्या भाषेत बोलायला लाजतं. हा तुकडा तुटलेला असतो आणि तो कोणत्याही दवाखान्यात दिसत नाही.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. जळगावजवळ आसोद्याला १८८० साली त्यांचा जन्म झाला, १९५१ साली त्या गेल्या. लिहितावाचता येत नव्हतं, गाणी मात्र ओठांवर. घरातल्यांनी ती उतरवून ठेवली. मुलगा सोपानदेव स्वतः नावाजलेला कवी. पण खानदेशी बोलीतली, अशिक्षित आईची ही गाणी सुशिक्षित वाचकांना रुचतील का, ही धास्ती त्यांना होती असं सांगतात. कविता चांगली की वाईट, याची धास्ती नव्हती. हसतील का, याची होती. गाणी शेवटी अत्र्यांनी पाहिली, हरखून गेले, आणि १९५२ साली पुस्तक निघालं, बाई गेल्यानंतर. आणि हे अत्रे कोण? तेच, ‘झेंडूची फुले’वाले. रविकिरण मंडळाच्या कवींची, ज्यांच्याजवळ मंडळ होतं, मासिकं होती, उत्तर द्यायला लेखण्या होत्या, त्यांची त्यांनी यथेच्छ टर उडवली. आसोद्याच्या शेतकरी बाईसमोर मात्र ते हात जोडून उभे राहिले. अत्र्यांच्या जिभेला हाड नव्हतं असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक वेळी त्यांनी हा विवेक पाळला असा आमचाही दावा नाही. इथे पाळला.

मग खालच्याने वर हसायचं काय? त्याचीही परंपरा आपल्याकडे भक्कम आहे. एकनाथांनी आंधळा, बहिरा, मुका यांच्या तोंडी भारुडं घातली. वरवर पाहता व्यंगदर्शन. पण ऐकता ऐकता कळतं की बहिरा हा कान असून न ऐकणारा आहे, म्हणजे समोर मांडी घालून बसलेला श्रोता. व्यंग उचलून धडधाकट माणसाच्या अंगावर ठेवलं. जोतिराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ नाटक लिहिलं. एका गरीब कुणबी जोडप्याला जोशी कसा लुबाडतो, ही त्याची कथा. त्यात विदूषक मधे मधे येऊन जोशाचं पितळ उघडं करतो. ना कुबड, ना टक्कल, हसण्याचा विषय तो स्वतः नाहीच. जुन्या नाटकातला हास्यपात्र इथे हसणारा झाला. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारलं आणि फुल्यांच्या हयातीत ते छापलं गेलं नाही. ऋषी शाप देतात, कमिट्या नाकारतात. पद्धती काळाप्रमाणे बदलतात.

आणि शहादा भागातल्या आदिवासी चळवळीतून आलेले कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता वाचा, वाचली नसेल तर. मंचावर उभे असलेले लोक खाली बसलेल्यांना त्यांचंच दुःख समजावून सांगतायत, एवढाच प्रसंग. कोणाला नावं ठेवलेली नाहीत, दात दिसत नाहीत, आवाज चढलेला नाही. आम्ही आत्ता बोलतोय तेही माइकसमोर, स्टेजवरूनच. कविता आठवली की खुर्ची टोचते. मांसाला लागतं, पण लचका तुटत नाही, हा प्रकार कसा साधतो ते अभ्यासण्यासारखं आहे. इंग्रजीत त्याला आयरनी म्हणतील. आम्हाला तो शब्द थोडा पातळ वाटतो.

एक गोष्ट राहिली, आणि ती पुस्तकांत कमी सापडते. लग्नाच्या मांडवात बायका नवरदेवाकडच्यांची नावं घेऊन गाणी म्हणतात. वरमाईच्या रूपापासून वराच्या अकलेपर्यंत काही सोडत नाहीत. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी यांच्यात तर थट्टा केली नाही तरच लोक विचारतात, बिनसलंय का? शिमग्याला गावच्या पाटलालाही ऐकून घ्यावं लागतं. या सगळ्यात बोलणं कधी कधी भलतंच लागट असतं, पण उलट बोलायची मुभा ठरलेली असते. आज मुलीकडच्यांनी ऐकवलं, उद्या त्यांच्या मुलाच्या लग्नात ऐकून घ्यावं लागेल. मोबाइलवर एखाद्याची टर उडवणाऱ्या शेकडो लोकांमध्ये अशी पाळी येत नाही. ज्याचा लचका तुटतो त्याला तोडणाऱ्याचं घर ठाऊक नसतं.

हे काम पुढे न्यायचं तर आम्हाला तुमची मदत हवी आहे. इंग्रजी-मराठीतले शब्द कोशांत मिळतात. तुमच्या घरातले मिळत नाहीत. एक कागद घ्या आणि तीन रकाने आखा. पहिल्यात थट्टा, टवाळी, टोमणा यांसाठी तुमच्या अहिराणीत, भिलीत, पावरीत, मावचीत, गुजरीत असलेला शब्द किंवा म्हणण्याची पद्धत, जशी उच्चारतात तशी. दुसऱ्यात तो कोण कोणाविषयी वापरतं : सासू सुनेविषयी, गावातला पाड्यावरच्याविषयी, गुरुजी मुलाविषयी. तिसऱ्यात फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’ : ऐकणाऱ्याला तो शब्द उलट वापरता येतो का? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांच्याकडे जास्त असतील. कागद आमच्याकडे आले की पुढच्या व्याख्यानात आपण तेच समोर ठेवून बोलू.